प्राथमिक शाळेतल्या इतिहासाला तासिका द्या : मराठवाड्यातून एक खुले पत्र

प्रति,
मराठवाड्यातील आठही जिल्ह्यांचे प्राथमिक शिक्षणाधिकारी, जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थांचे प्राचार्य आणि प्राथमिक वर्गांचा अभ्यासक्रम व पाठ्यपुस्तके ठरवणारी मंडळी यांस,

सप्रेम नमस्कार.

दर सप्टेंबरात शाळांना सूचना येते. मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन, म्हणजे १७ सप्टेंबर १९४८ ला आपला भाग हैदराबाद संस्थानाच्या निजामाच्या राजवटीतून सुटला तो दिवस, साजरा करावा, प्रभातफेरी काढावी, ध्वजारोहण, रांगोळी आणि वक्तृत्व स्पर्धा घ्याव्यात, फोटो त्याच दिवशी पाठवावेत. शाळा हे सगळे करतात, मनापासून करतात. पण हा दिवस काय आहे हे मुलांना शिकवायला किती तासिका द्यायच्या, कुठल्या इयत्तेला काय सांगायचे, याची एक ओळही त्या सूचनेत नसते. तिसरीतले पोर विचारते, "गुरुजी, झेंडा तर मागच्याच महिन्यात लावला, आता परत का?" प्रश्न अगदी योग्य आहे. त्याचे उत्तर द्यायला तासिका नाही, साहित्य नाही, आणि हैदराबाद मुक्तिसंग्रामाचा रीतसर धडा त्या पोराच्या वाट्याला येतो तो थेट आठवीत. तोवर ते शिक्षकाच्या आवडीवर अवलंबून.

आम्ही मराठवाड्यातल्या जिल्हा परिषद शाळांत शिकवणारे काही शिक्षक आणि स्थानिक इतिहासाचे काम करणारी काही माणसे. नवी पाठ्यपुस्तके टप्प्याटप्प्याने येत आहेत, वेळापत्रके नव्याने बसवली जात आहेत. आत्ता बोललो नाही तर पुढची कित्येक वर्षे हेच चालेल, म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहीत आहोत. आमचे म्हणणे एकच आहे. सात ते अकरा वर्षांच्या मुलाला इतिहास शिकवायचा तर त्याची सुरुवात गावातल्या दगडापासून, कागदापासून आणि म्हाताऱ्या माणसांपासून झाली पाहिजे, आणि त्यासाठी शाळेला वेळ मिळाला पाहिजे.

आता तक्रारी.

१. तासिकाच उरत नाही. परिसर अभ्यासाचा इतिहासाचा भाग वेळापत्रकात असतो, वर्गात नसतो. त्याचे कारण शिक्षकाचा आळस नव्हे. नियतकालिक चाचण्या भाषा, गणित आणि इंग्रजी या तीनच विषयांच्या होतात. शाळेची प्रत ठरते ती त्यांच्या गुणांवर, केंद्रप्रमुख विचारतात ते वाचन-लेखन आणि संख्याज्ञान. त्यात द्विशिक्षकी शाळा, चार वर्ग, पोषण आहाराच्या नोंदी, ऑनलाइन माहिती, मतदार यादीचे काम. मग जी तासिका कुणी तपासत नाही तीच आधी जाते. शेवटी मार्चमध्ये आठ-दहा धडे उरकले जातात : शिक्षक वाचतात, मुले रिकाम्या जागा भरतात.

२. काळाची जाणीव न देता सनावळी पाठ करून घेतली जाते. या मुद्द्यावर आम्हाला सविस्तर बोलायचे आहे, कारण पुढचे सगळे घोटाळे इथूनच सुरू होतात.

आठ-नऊ वर्षांच्या मुलाला १६३० हा आकडा वाचता येतो, पण तो किती लांबचा आहे हे कळत नाही. आजीचे लग्न, शिवाजी महाराज आणि आदिमानव या तिन्ही गोष्टी त्याच्या लेखी "लई जुन्या". त्यात सध्याच्या पुस्तकांचा क्रम असा की चौथीत सतराव्या शतकातले शिवछत्रपती, पाचवीत एकदम आदिमानव, सहावीत प्राचीन भारत. क्रम वाईटच आहे असे आम्ही म्हणत नाही. पण या उड्या मुलाला दिसतील असे काहीतरी वर्गात टांगलेले हवे.

त्यासाठी काळाची दोरी करावी लागते. ती अशी : पंचवीस मीटर नायलॉनची दोरी घ्यावी. सुतळी नको, ती ओल लागली की आखडते. एक सेंटिमीटर म्हणजे एक वर्ष. दर मीटरला रंगीत चिकटपट्टी लावावी, गाठ मारू नये. एका गाठीत अडीच सेंटिमीटर दोरी खपते, वीस गाठी मारल्या की पन्नास वर्षे गायब होतात आणि मग मोजमाप जुळत नाही म्हणून शिक्षक दोरी गुंडाळून कपाटात ठेवतात. घटनांच्या चिठ्ठ्या कपड्याच्या चिमट्यांनी लावाव्यात, म्हणजे चुकले तर सरकवता येते.

सन २०२५ हे एक टोक धरले तर चौथीतल्या मुलाचे अख्खे आयुष्य नऊ सेंटिमीटरचे, त्याच्या वितीपेक्षाही लहान. किल्लारीचा भूकंप (१९९३) बत्तीस सेंटिमीटरवर. बहात्तरचा दुष्काळ त्रेपन्नवर. महाराष्ट्र राज्य पासष्टवर. मुक्तिसंग्रामाचा विजय सत्त्याहत्तरवर, म्हणजे अजून पहिला मीटरही ओलांडलेला नाही. शिवरायांचा जन्म जवळजवळ चार मीटरवर. देवगिरी राजधानी करणारा भिल्लम यादव (११८७) साधारण साडेआठ मीटरवर, म्हणजे दोरी वर्गाच्या दारातून बाहेर व्हरांड्यात गेली. अजिंठ्याची पाचव्या शतकातली लेणी साडेपंधरा मीटरच्या आसपास, आणि तिथलीच पहिली, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातली लेणी एकवीस-बावीस मीटरवर, मैदानात. एकाच डोंगरातल्या दोन लेण्यांमध्ये सहा-सात मीटर अंतर आहे हे मूल पायांनी चालून पाहते. फळ्यावर लिहिलेल्या सनांतून हे कळत नाही.

दोरीवर नेहमी होणाऱ्या चुकाही सांगतो. चिठ्ठ्या दाटल्या की अलीकडच्या काळासाठी मोठी मोजपट्टी आणि जुन्यासाठी छोटी वापरली जाते, म्हणजे दोरीचा उद्देशच संपतो. पाचवे शतक म्हणजे इसवी सन ४०१ ते ५००, पण चिठ्ठी लागते ५०० च्या पुढे. इसवी सनापूर्वीचे आकडे उलटे वाढत जातात हे पाचवीपर्यंत न सांगितलेले बरे, नुसते "दोन हजार वर्षांहून जुने" पुरे. आणि एका दिवशी पाचाहून जास्त चिठ्ठ्या लावू नयेत.

या दोरीवाचून मराठवाड्यातल्या मुलांचा एक मोठा गोंधळ कायम राहतो. चौथीत मूल अहमदनगरच्या निजामशाहीविषयी वाचते. शहाजीराजे निजामशाहीत होते, मलिक अंबर निजामशाहीचा वजीर होता. सतरा सप्टेंबरच्या भाषणात ते निजामाविषयी ऐकते. दोन्ही एकच, अशी त्याची पक्की समजूत होते, आणि शिवाजी महाराज हैदराबादच्या निजामाशी लढले असे ते परीक्षेत लिहिते. मोठी झालेली माणसेही हीच चूक करतात. अहमदनगरची निजामशाही १४९० ते १६३६. हैदराबादचे आसफजाही निजाम १७२४ ते १९४८. मध्ये अठ्ठ्याऐंशी सेंटिमीटर मोकळी दोरी, आणि त्या मोकळ्या जागेतच शिवरायांचा राज्याभिषेक (१६७४) आणि त्यांचे निधन (१६८०). हैदराबादच्या निजामाशी लढले ते पुढचे मराठे : पालखेड १७२८, आपले उदगीर १७६०, खर्डा १७९५. दोन रंगांच्या दोन चिठ्ठ्या लावल्या की हा गोंधळ एका तासिकेत मिटतो. पाठ्यपुस्तकात हा खुलासा चौथीतच आला पाहिजे.

३. मुक्तिसंग्राम नावांच्या यादीपुरता उरला आहे. स्वामी रामानंद तीर्थ, गोविंदभाई श्रॉफ, दगडाबाई शेळके, बहिर्जी शिंदे ही नावे मुले भाषणात घडाघडा म्हणतात. पण १५ ऑगस्ट १९४७ ला आपले गाव कुठल्या राज्यात होते, हे विचारले की गप्प. त्यासाठी एकच नकाशा लागतो, तोही हाताने काढता येतो : सोळा जिल्ह्यांचे हैदराबाद संस्थान, त्यात आठ तेलुगू, पाच मराठी, तीन कन्नड. मराठी पाच म्हणजे औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड, उस्मानाबाद. आजच्या जालन्याच्या, लातूरच्या, हिंगोलीच्या मुलाला आपला जिल्हा त्यात सापडत नाही. तिथेच सांगायचे, की जालना १९८१ ला, लातूर १९८२ ला आणि हिंगोली १९९९ ला वेगळा झाला. जिल्हे, सीमा, राज्ये बदलत असतात, ही इतिहासातली मोठी गोष्ट मुलाला आपल्याच जिल्ह्यावरून समजते. मग १३ सप्टेंबर १९४८ ला सुरू झालेली भारत सरकारची पोलीस कारवाई, १७ तारखेची निजामाची शरणागती, १९५६ ला मुंबई राज्यात प्रवेश, १९६० ला महाराष्ट्र, एवढा क्रम चौथीला पुरे.

याच धड्यात एक जबाबदारी आहे आणि तिच्याबद्दल मार्गदर्शन शून्य आहे. वर्गात हिंदू मुले असतात, मुसलमान मुले असतात. रझाकार ही निजामाच्या बाजूची एक सशस्त्र संघटना होती, तिचा पुढारी कासीम रझवी लातूरचा वकील होता, तिचे अत्याचार खरे आहेत, ते लपवायचे कारण नाही. पण शिकवताना संघटनेच्या जागी समाज आला की मधल्या सुट्टीत एखाद्या लेकराला त्याचे भोग भोगावे लागतात. म्हणून त्याच धड्यात 'इमरोज' या उर्दू वर्तमानपत्राचे संपादक शोएबुल्ला खान आले पाहिजेत. त्यांनी भारतात विलीन होण्याच्या बाजूने लिहिले आणि त्यापायी ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत त्यांची हत्या झाली. हे नाव आमच्या भागातल्या भाषणांत जवळजवळ ऐकूच येत नाही.

४. गावातला पुरावा गावातच नासतो आहे. मराठवाड्यात मारुतीच्या पाराशेजारी, वेशीजवळ किंवा बारवेच्या, म्हणजे पायऱ्यांच्या जुन्या विहिरीच्या, काठी वीरगळ, म्हणजे लढताना पडलेल्या वीराच्या आठवणीचे कोरीव दगड, उभे असतात. कुणी शेंदूर फासतो, कुणी रंगकामात उरलेला ऑइलपेंट. मुले रोज त्यांच्यावर दप्तर टेकवतात आणि हा हजार-आठशे वर्षांचा लढाईचा कागद आहे हे त्यांना कुणी सांगितलेले नसते.

वीरगळ वाचायचा असतो तो खालून वर. सगळ्यात खालच्या चौकटीत लढाई, कधी गायींचा कळप, कारण पळवलेली गुरे सोडवताना तो माणूस पडला. त्याच्या वरच्या चौकटीत अप्सरा त्याला उचलून नेतात. त्याच्याही वर तो शिवलिंगाची पूजा करताना बसलेला. माथ्यावर कलश, आणि पुष्कळदा चंद्र-सूर्य : ते आहेत तोवर याची आठवण राहो. चौथीचे मूल हे पाच मिनिटांत वाचू लागते, फक्त शिक्षकाने आधी सांगून टाकू नये. चार-चार मुलांचे गट करावेत, पहिली पंधरा मिनिटे नुसते चित्र काढू द्यावे. मग विचारावे : माणसे किती? हातात काय? गायी कशाला? वरचा आणि खालचा माणूस एकच का? कशावरून? तिसरी-चौथी एकत्र बसत असतील तर तिसरीने आकृत्या मोजाव्यात आणि टेपने उंची-रुंदी घ्यावी, चौथीने गोष्ट लिहावी. जायचे ते सकाळी. तिरप्या उन्हात कोरीव काम उठून दिसते, भर दुपारी सगळे सपाट होते. दगड सावलीत असेल तर बॅटरी बाजूने धरावी, समोरून नाही. अक्षरे दिसावीत म्हणून खडू घासू नये, तेल लावू नये, शेंदूर खरवडू नये. गावाची श्रद्धा आहे. पुजाऱ्याला, सरपंचाला आधी विचारून जावे, म्हणजे पुढच्या वर्षीही जाता येते.

५. घरातला आणि शाळेतला कागद कुणी उघडत नाही. जुन्या शाळेचे दाखलखारीज रजिस्टर, म्हणजे मुले शाळेत आल्याची आणि गेल्याची नोंदवही, हे इतिहासाचे उत्तम साधन आहे. गावातली पहिली मुलगी शाळेत कधी आली, कुठल्या वर्षी पट अचानक घटला, हे मुलांना आकड्यांत सापडते. मात्र रजिस्टर मुलांच्या हाती देऊ नये. त्यात जातीचा रकाना असतो, आजही गावात राहणाऱ्यांची नावे असतात. शिक्षकाने फक्त सन, मुलगे, मुली आणि आलेल्या गावांची नावे एवढेच उतरवून द्यावे. घरोघरच्या जुन्या कागदांवर फसली सन, म्हणजे महसुलासाठी वापरली जाणारी जुनी कालगणना, असतो. हैदराबाद संस्थानातल्या फसलीत ५९० मिळवले की ढोबळ इसवी सन मिळतो, शके असेल तर ७८ मिळवावेत. ही दोन सूत्रे प्रत्येक शिक्षकाला माहीत हवीत, आणि आज ती प्रशिक्षणात कुठेच सांगितली जात नाहीत.

माणसांबद्दल तर घाई आहे. १९४८ चे स्वतः पाहिलेले ज्यांना आठवते ते आज पंच्याऐंशीच्या पुढे आहेत. बहात्तरचा दुष्काळ जाणतेपणी सोसलेलेही साठी-सत्तरी ओलांडलेले. त्यांना "तुमच्या काळी कसे होते?" असे विचारले की "लई हाल होते बाबा" एवढेच उत्तर येते. नेमके विचारावे लागते. कुठल्या कामावर होता, खडी फोडायची की तळ्यावर? पाणी कुठून आणायचे? सुकडी (दुष्काळी कामावर मिळणारा कोरडा खाऊ) कशी लागायची? मिलोची (बाहेरून आलेल्या लाल ज्वारीची) भाकरी करून पाहिली होती का? बैल विकले की छावणीला नेले? एका मुलाने तीनच प्रश्न विचारावेत, उत्तर आजीच्याच शब्दांत लिहावे. दोन आज्यांची उत्तरे जुळली नाहीत तर शिक्षकाने एकीला खोटे ठरवू नये. ती दोन उत्तरे फळ्यावर शेजारी शेजारी लिहिली की मुले स्वतःच विचारतात, मग खरे काय? कसे कळणार? तो प्रश्न पडणे हाच त्या दिवसाचा पाठ.

६. सहली. एका दिवसात पाच स्थळे आणि प्रत्येक ठिकाणी अर्धा-पाऊण तास, यात मुले बसच पाहतात. पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत पंधरा वर्षांखालील मुलांना प्रवेश मोफत आहे, एसटीची सहलीसाठी सवलत आहे, तरी बारव आणि गढी असलेल्या गावातली मुले वर्षात एकदाच, तीही दूरवर जातात. वेरूळला गेलात तर चौतीस लेणी पळत दाखवू नका. कैलास लेण्यासमोर बसवून एवढेच विचारा, आधी काय कोरले असेल, कळस की पाया? (आणि जाण्याआधी वार पाहा. अजिंठा सोमवारी बंद असतो, वेरूळ मंगळवारी. बंद दारावरून परतलेल्या बस आपल्याकडे दरवर्षी दिसतात.)

वर जे सांगितले त्याला खर्च फारसा नाही. पंचवीस मीटर दोरी, चिमटे, कार्डशीट, मोजण्याचा टेप, एक बॅटरी, हे संयुक्त शाळा अनुदानात सहज बसते. कमी आहे ती वेळेची आणि परवानगीची. म्हणून आमच्या मागण्या अशा :

तिसरी ते पाचवीसाठी आठवड्याला इतिहासाच्या किमान दोन तासिका राखीव असाव्यात, महिन्यातून एकदा त्या सलग मिळाव्यात, आणि चाचण्यांच्या तयारीसाठी त्या काढून घेऊ नयेत असे लेखी कळवावे.

१ ते १७ सप्टेंबर या काळात तिसरी, चौथी आणि पाचवीसाठी प्रत्येकी चार तासिकांचा मुक्तिसंग्रामाचा पाठ तयार करून द्यावा. त्यात संस्थानाचा नकाशा, कालक्रम, शोएबुल्ला खान यांच्यासह माणसांची ओळख, आणि हा विषय संमिश्र वर्गात कसा हाताळावा याची दोन पाने असावीत. फोटो पाठवण्याची सक्ती काढून त्याऐवजी मुलांच्या कामाचे एक पान शाळेतच ठेवण्यास सांगावे.

चौथीच्या पुस्तकात अहमदनगरची निजामशाही आणि हैदराबादचा निजाम यांतला फरक एका चौकटीत, कालरेषेसह द्यावा.

गावाच्या शिवारातली क्षेत्रभेट, म्हणजे तीन किलोमीटरच्या आत, पायी, शाळेच्या वेळेत, मुख्याध्यापकांच्या परवानगीने करता यावी. आज तिच्यासाठीही सहलीचे सगळे कागद मागितले जातात, म्हणून शिक्षक जातच नाहीत.

प्रत्येक शाळेत गावाच्या इतिहासाची एक फाइल असावी : वीरगळ, बारव, गढी, देवळे, दर्गे, मशिदी, जुनी झाडे यांच्या नोंदी, मोजमाप, फोटो, म्हाताऱ्या माणसांच्या मुलाखती. ती ऑनलाइन भरायला लावू नये. शिक्षक बदलून गेले तरी फाइल शाळेत राहावी आणि पदभार देताना तिची नोंद व्हावी.

वर्षातून एक केंद्रस्तरीय शिक्षण परिषद सभागृहाऐवजी त्या केंद्रातल्याच एखाद्या गावी, प्रत्यक्ष दगडापुढे घ्यावी. मार्गदर्शनासाठी तेर, पैठणच्या संग्रहालयांतल्या किंवा विद्यापीठाच्या इतिहास विभागातल्या जाणकारांना बोलवावे.

मूल्यमापनात सन विचारणारे प्रश्न निम्म्याहून कमी असावेत. चार चिठ्ठ्या क्रमाने लाव, या चित्रावरून काय कळते, हे तुला कशावरून वाटते, असे प्रश्न तिसरीपासून यावेत.

दोरीच्या चिठ्ठ्यांची यादी, वीरगळासाठीचे निरीक्षणपत्रक, मुलाखतीचे प्रश्न आणि हैदराबाद संस्थानाचा कोरा नकाशा आमच्याकडे तयार आहे. कुठल्याही केंद्राच्या शिक्षण परिषदेत येऊन आम्ही ते विनामूल्य देऊ आणि करून दाखवू. येत्या जूनचे वेळापत्रक लागण्याआधी, म्हणजे मे अखेरपर्यंत, तासिकांबाबतचा आणि शिवारभेटीच्या परवानगीबाबतचा निर्णय आपण कळवावा. बाकीच्या मागण्यांना वर्ष लागले तरी चालेल, या दोहोंना लागू नये.

आपले,
मराठवाड्यातील काही प्राथमिक शिक्षक आणि स्थानिक इतिहासाचे अभ्यासक